कालिपाने वाटलेल्या सात पिढ्या

कालिपा-एजेला, म्हणजे कालिपाताईला, मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती शिव्या देत होती. जानेवारीचे दिवस, अंगणात गुडघाभर बर्फ, आणि जर्मनीहून आलेल्या मदतीच्या ट्रकमधून मी उतरवलेलं पहिलंच पोतं उघडलं तर आत पोहण्याचे कपडे. रंगीबेरंगी, तोकडे, शंभरेक तरी असतील. मुलांना थंडी वाजते असं पत्रात लिहिलं होतं की उकडतं असं लिहिलं होतं, हे ती मला विचारत होती, जणू ते कपडे मीच शिवून आणले होते. मग तिने कात्री आणली आणि एकेका कपड्याचं इलास्टिक काढून गुंडाळून ठेवलं. त्या हिवाळ्यात अनाथालयातल्या एकाही मुलाची विजार घसरली नाही.

हे अनाथालय आमच्या अक-बुलुन गावात, सामूहिक शेती मोडल्यावर बंद पडलेल्या बालवाडीच्या इमारतीत होतं. ते उघडलं आगाते पेनरने. आगाते परदेशी नव्हे. तलासच्या याच खोऱ्यात, दोन गावं पलीकडे जर्मनांची जुनी वस्ती होती, तिथली ती. आमच्याच शाळेत शिकली, आमच्यासारखीच किर्गिझ बोलायची, रागावली की आमच्या म्हाताऱ्यांसारखी जिभेने टकटक करायची. सोव्हिएत राज्य बुडालं तेव्हा ती सगळी वस्ती बाडबिस्तरा आवरून जर्मनीला गेली. आगाते तीन वर्षांनी परत आली, तिच्या प्रार्थनाघरातल्या लोकांनी जमवलेले दोन ट्रक घेऊन. त्यातला एक मी चालवायला लागलो आणि मग वीसेक वर्षं चालवतच राहिलो.

उगाच खोटं कशाला बोलू, त्या पहिल्या दोन वर्षांत अर्धं गाव त्या स्वयंपाकघरातलं सूप पिऊन जगलं. माझी दोन मुलंही त्यातच आली. 'हे येशूवाले आपली पोरं विकत घ्यायला आलेत' असं जे चौकात सांगायचे, तेही संध्याकाळी डबा घेऊन रांगेत असायचे. आगाते सगळ्यांना सारखंच वाढायची. तिचे लोक खोटं बोलत नाहीत, दारू पीत नाहीत आणि शपथ घेत नाहीत. कोर्टातसुद्धा घेत नाहीत, हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, एवढंच. मला तेव्हा याचं फार कौतुक वाटायचं.

कालिपा-एजे तिथे धुणं धुवायची. तिचा नवरा मुकाश ट्रॅक्टर उलटून त्याखाली मेला होता. पोरबाळ नाही, दीर नाही, सासूने मरेपर्यंत तिला वांझ म्हणून हाक मारली. तिने काही धर्म बदलला नव्हता. जेवणाआधी आगातेची माणसं डोळे मिटून प्रार्थना करायची, तेव्हा कालिपा-एजे डोळे टक्क उघडे ठेवून बसायची. कोणीतरी पावावर लक्ष ठेवायला नको का, म्हणायची. पिठात हात घालताना मात्र ती बिस्मिल्लाच म्हणायची, आणि आगातेने त्याबद्दल तिला कधी टोकलं नाही.

अनाथालयातली बहुतेक मुलं खरी अनाथ नव्हतीच. कोणाची आई रशियात कामाला गेलेली, कोणाचा बाप बाटलीत बुडालेला. त्यांच्याकडे कागद होते, आडनाव होतं, वर्षातून एकदा रडत येणारी आजी होती. पण काही अगदीच कोऱ्या पाटीची होती. एक मुलगा तलासच्या बाजारात राजम्याच्या पोत्यांमागे पोलिसांना सापडला, वय असेल चार. अशा मुलाला आमच्याकडे ताबिल्दी म्हणतात, म्हणजे सापडलेला; तेच त्याचं नाव झालं. दुसऱ्या वर्षी एक दोनेक वर्षांची मुलगी इस्पितळाच्या पायरीवर मिळाली, तिचं नाव नर्सने बेरमेत ठेवलं. अशी बिनकागदाची मुलं होता होता अकरा झाली.

ताबिल्दी शाळेत जायला लागला आणि पहिल्याच महिन्यात ओठ फाडून घेऊन आला. काय झालं ते सांगेना. मग कळलं की मधल्या सुट्टीत मोठ्या पोरांनी त्याला भिंतीशी उभं करून सात पिढ्यांची नावं विचारली होती. आमच्याकडे बापापासून वर सात पुरुषांची नावं ज्याला सांगता येत नाहीत तो गुलाम. याला तर पहिलंच नाव सांगता येईना.

आगातेने त्याच्या ओठाला औषध लावलं आणि सांगितलं की तुझा बाप स्वर्गात आहे, तो सगळ्यांचाच बाप आहे, तेच सांग त्यांना. कालिपा-एजे बादली घेऊन दारात उभी होती.

"स्वर्गातला एकच झाला," ती म्हणाली. "उरलेले सहा कुठून आणायचे?"

दुसऱ्या दिवसापासून तिने आणायला सुरुवात केली. चादरी पिळायला दोन माणसं लागतात. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला ताबिल्दी. एक पीळ दिला की एक नाव. तिला जी वंशावळ तोंडपाठ होती ती नवऱ्याची. मुकाशला मूल नव्हतं हे गावाला माहीत होतं, म्हणून खालची तीन नावं तिने मनाने बनवली. वरची चार मात्र खरी: तोर्गोय, एलेबेस, बायझाक, चोतोन. तोर्गोयचे काही मुलगे एकोणीसशे सोळा साली झारच्या फौजेपासून पळताना कुटुंबांसकट डोंगर ओलांडून चीनमध्ये गेले ते गेलेच, त्यांचं पुढे काय झालं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या हरवलेल्या फांदीला तिने ताबिल्दीला लटकवून टाकलं. मग बेरमेत चादरीचं टोक धरायला आली, मग तिसरा, मग चौथी. प्रत्येकाला खालची तीन नावं वेगळी, वरची चार तीच. अकराच्या अकरा मुलं एका तोर्गोयची खापरपणतवंडं झाली, आणि तिला अपा, म्हणजे आई, म्हणायला लागली.

मी तिला एकदा म्हटलंही, की एजे, तो तोर्गोय थडग्यात हैराण झाला असेल, एवढं पीक त्याने जन्मात काढलं नव्हतं. ती हसली नाही. म्हणाली की मुकाशच्या मागे नाव घेणारं कोणी उरलं नव्हतं, आता अकरा जण घेतात, आणि त्यात वाईट काय झालं ते सांग. खरं तर मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं.

शाळेत मार थांबला. अकरा जण एका रांगेत उभे राहून एकाच खापरपणजोबाचं नाव घ्यायला लागल्यावर कोण हात उगारणार?

पाचसहा वर्षांनी ही गोष्ट कासिमाली अक्साकालच्या कानावर गेली. मुकाशच्या कुळातला तो सगळ्यांत वयस्कर माणूस, म्हणून अक्साकाल, आणि त्या वर्षी कुळाच्या वंशावळीचं पुस्तक छापायचं त्याने मनावर घेतलं होतं. तो वही घेऊन अनाथालयात आला. मुलांना ओळीत उभं केलं, प्रत्येकाकडून नावं म्हणवून घेतली, आणि मग कालिपा-एजेकडे वळून विचारलं की हे खरं का. कालिपा-एजेने टेबलावरचा नान उचलला, दोन्ही हातांत धरला आणि त्या पावाची शपथ घेऊन सांगितलं की खरं आहे. पावाची खोटी शपथ आमच्यात चोरसुद्धा घेत नाही. मुलं बघत होती. आगाते खिडकीशी उभी होती, तिला सगळं माहीत होतं, ती बाहेर बघत राहिली.

कासिमालीला खरंच पटलं असेल असं मला कधी वाटलं नाही. अकरा मुलं एकाच हरवलेल्या फांदीची, आणि सगळी आमच्याच दारात सापडली? पण त्याच्या कुळातले तरणे लोक रशियात गेलेले होते, पुस्तकाची पानं खाली खाली रिकामी होत चालली होती, आणि ही पोरं आपण नाही घेतली तर येशूवाले घेतील, हे त्याच्या डोक्यात होतं. त्याने अकरा नावं लिहून घेतली. आगातेला याचा फायदा लगेच झाला. जिल्ह्याचे अधिकारी दरवर्षी तिच्यामागे लागायचे, की तुम्ही मुसलमान मुलांना ख्रिस्ती करता. आता कुळाचा अक्साकाल सही करून द्यायचा, की आमची मुलं आमच्या नजरेखाली आहेत.

आगातेला मी एकदा गाडीत विचारलं होतं, की तू गप्प का राहिलीस. ती म्हणाली, "मी खोटं बोलले नाही, शायलो." आणि ते खरंच होतं. खोटं बोलायचं नाही हा तिच्या लोकांचा नियम होता. दुसऱ्याच्या खोट्यावर गुपचूप संसार मांडायचा नाही, असा नियम बहुधा नव्हता.

कुळाने मात्र मुलांना मनापासून आपलंसं केलं, हे मान्य करायला हवं. सणाला बोलावणं यायचं, मेंढी कापली की त्यांचा वाटा यायचा. ताबिल्दी मोठा झाल्यावर म्हाताऱ्यांच्या हातांवर पाणी घालायचा मान त्याला मिळाला. अठराव्या वर्षी अनाथालय सोडलं की आमची मुलं कुठे जातात ते मी बघितलंय, बाजारात हमाली करतात नाहीतर तुरुंगात जातात. या अकरांतली मोठी झालेली तशी गेली नाहीत. एकाला कुळाने जागा दिली, एकीचं लग्न लावून दिलं. ताबिल्दी वेल्डिंग शिकला, गावातच दुकान टाकलं. बेरमेत तलासला शिकून आमच्याच शाळेत पहिलीच्या वर्गावर शिक्षिका झाली. कालिपा-एजे तिला अंगणातून जाताना बघायची आणि कपडे वाळत घालायचे विसरायची.

आणि मग ती दोघं एकमेकांच्या प्रेमात पडली.

आता यात नवल ते काय? एका ताटात जेवलेली, एकाच साबणाने धुतलेली पोरं. पण राजम्याच्या कापणीच्या दिवसांत कोणीतरी त्यांना शेताच्या बांधावर हातात हात घालून बसलेलं पाहिलं आणि कासिमालीला जाऊन सांगितलं. सात पिढ्यांच्या आत लग्न म्हणजे आमच्याकडे बहीणभावाचं लग्न. म्हाताऱ्याने दोघांना बोलावून घेतलं. ओरडला नाही. म्हणाला की तुमचा तोर्गोय एक आहे, पुस्तकात छापलंय, पुन्हा असं ऐकलं तर दोघांची नावं मी स्वतः खोडेन, आणि मग गावात कोण तुम्हाला दारात उभं करतं ते बघा.

ताबिल्दी तिथून थेट धुण्याच्या खोलीत आला. मी तिथे बॉयलर दुरुस्त करत होतो. तो कालिपा-एजेसमोर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "अपा, मला खरं सांग."

तिने सांगितलं. चादर हातातच होती. सगळं सांगितलं, मुकाशचं, चीनमध्ये गेलेल्या फांदीचं, खालची तीन नावं कुठून सुचली तेसुद्धा. त्याचं पहिलं नाव, म्हणजे त्याच्या बापाचं, तिने कुठून आणलं होतं माहीत आहे? दूध घेऊन येणाऱ्या माणसाचं नाव तिला आवडायचं, ते लावलं होतं. ताबिल्दी ऐकत राहिला. मला वाटलं हा आता बादली लाथाडेल. तो खाली बसला आणि म्हणाला की बरं झालं, म्हणजे आम्हाला लग्न करता येईल. चोवीस वर्षांचं पोर ते, त्याला तेव्हा तेवढंच दिसत होतं.

त्याने सांगितलं की बेरमेत माझ्याकडून ऐकणार नाही, तूच सांग तिला. कालिपा-एजे म्हणाली सांगते, तिलाही सांगते आणि कासिमालीलाही सांगते. पण आधी ती मला घेऊन आगातेकडे गेली, कारण अनाथालय तिचं होतं. आगाते तेव्हा सत्तरीची, गुडघ्यांनी खिळलेली. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली की सत्य सांगायलाच हवं, मी हे पूर्वीच सांगायला हवं होतं. क्षणभर मला ती पहिल्यासारखी वाटली. मग ती म्हणाली की फक्त कासिमालीला वसंतापर्यंत सांगू नकोस, मार्चमध्ये तपासणी आहे, त्याची सही नसेल तर अनाथालय बंद करतील, तीस मुलं आहेत आत.

कालिपा-एजे म्हणाली, "सतरा वर्षांपूर्वी तुझ्या देवाने मला थांबवायला हवं होतं. तो तेव्हा तपासणीची वाट बघत होता का?"

मला आगातेचा राग आला. अजून येतो. पण तीस मुलं कुठे जाणार होती? मी गाडी काढायला गेलो.

बेरमेत शाळेमागच्या शिक्षकांच्या खोलीत राहायची. आम्ही गेलो तेव्हा ती मुलांच्या वह्या तपासत होती. तिने चहा ओतला, नान मोडून ठेवला. कालिपा-एजेने चहाला हात न लावता सगळं सांगून टाकलं. बेरमेत कपातल्या चहाकडे बघत होती. सांगून झाल्यावर कालिपा-एजेने नानचा तुकडा उचलला, दोन्ही हातांत धरला, आणि ती शपथ घेणार एवढ्यात बेरमेतने तो तुकडा तिच्या हातातून काढून घेतला.

"नको, अपा. मला माहीत आहे."

कालिपा-एजेला कळेना. बेरमेत म्हणाली की मी बारा वर्षांची असल्यापासून माहीत आहे. चीनहून परत आलेल्यांची मुलं आमच्या वर्गात होती, त्यांची बोली वेगळी, त्यांच्या घरातली भांडी वेगळी. आमच्यापैकी एकाच्याही अंगावर तसलं काही नव्हतं. अकरा जणांचे चेहरे अकरा तऱ्हेचे. तुला काय वाटलं, आम्ही आंधळे होतो?

"मग लग्न कर त्याच्याशी," कालिपा-एजे म्हणाली. तिच्या आवाजात अचानक इतका हलकेपणा आला की मला ऐकवेना. "मी कासिमालीच्या पाया पडते. खोडू दे त्याला माझं नाव."

"तुझं नाव नाही खोडणार तो. अकरांची खोडेल." बेरमेत तो पावाचा तुकडा परत ताटलीत ठेवत म्हणाली. "त्यातली चार अजून माझ्या शाळेत आहेत. रोज मधल्या सुट्टीत मी त्यांना बघते. भिंतीशी कोणी उभं करत नाही त्यांना. आणि मी, अपा? मी वर्गात आले की पोरांच्या आया उठून उभ्या राहतात, त्या माझ्या फळ्यासाठी उभ्या राहतात असं वाटतं तुला? मला दुसरा माणूस मिळेल. तोर्गोय दुसरा मिळणार नाही."

कालिपा-एजेने विचारलं की आणि ताबिल्दी? बेरमेतने वही पुढे ओढली, पण लाल पेन तसंच हातात राहिलं.

ताबिल्दी तिला म्हणाला होता की रशियाला पळून जाऊ, तिथे कोण विचारतंय सात पिढ्या. तिने नाही म्हटलं. मग एका दुपारी दुकानात मी त्याला विचारलं, की तू का गप्प बसलास, चौकात उभा राहून सांग ना सगळ्यांना की खोटं आहे. मला तो बाइके, म्हणजे दादा, म्हणायचा; वेल्डिंगचा मुखवटा वर करून माझ्याकडे बघत म्हणाला, "सांगतो, बाइके. पण सांगणारा कोण म्हणून सांगू?"

पुढच्या शरदात कासिमालीने बेरमेतचं लग्न जमवलं. नवरा खोऱ्याच्या पलीकडच्या टोकाचा, गुरांचा डॉक्टर, चांगल्या घरचा. मुलगा खरंच बरा होता, त्याला नावं ठेवता येत नाहीत. मुलीची पाठवणी कुळाने केली. कालिपा-एजेला, मुकाशची विधवा आणि मुलीला वाढवणारी म्हणून, दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणी तिथे बसवत होतं. तिच्यासमोर मेंढीचा मानाचा तुकडा आला. तो तसाच गार झाला, वरची चरबी पांढरी पडली.

निघायची वेळ झाली. आमच्या रिवाजाने पेटी भाऊ उचलतो आणि बहिणीला गाडीत बसवतो. कासिमालीने सगळ्यांदेखत विचारलं की भाऊ कुठे आहे. ताबिल्दी पुढे आला. त्याने पेटी उचलली, एकट्याने, आणि गाडीत ठेवली. बेरमेत रडत होती, सगळ्याच मुली रडतात, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही. तिने रिवाजाप्रमाणे भावाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्याने तिला गाडीत बसवून दार लावलं. नवऱ्यामुलाची आई आनंदाने पुढे आली आणि भावाचा मान म्हणून तिने त्याच्या खांद्यांवर नवा काळा मखमली चापान, कडेला सोनेरी नक्षीचा लांब अंगरखा, चढवला.

गाडी गेली. ताबिल्दी तो चापान अंगावर घेऊनच कालिपा-एजेसमोर येऊन उभा राहिला. सगळे बघत होते, म्हणून तो हसला.

"बघ ना अपा," तो म्हणाला, "बसतोय का मला?"

तिच्या हातांना सवय होती. तिने त्याची कॉलर सरळ केली, खांद्यावरची सुरकुती तळव्याने मोडली.

"बसतोय," ती म्हणाली.